भिंतीपुरतं पळणं

आमच्या ह्यांचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. दूधवाल्याच्या देखत हे दुधात बोट घालून बघायचे. बसचा कंडक्टर तिकीट देताना हसला, तर तो का हसला असेल याचा विचार हे उतरेपर्यंत करायचे. वरच्या मजल्यावरच्या वैजयंतीबाईंनी होळीला पुरणपोळ्या पाठवल्या, तेव्हा "या बाईचं आपल्याकडे काय काम अडलंय?" असं यांनी मला स्वयंपाकघरात येऊन हळूच विचारलं. काविळीच्या माणसाला सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात. आमच्या घरातली कावीळ लग्नाच्या आधीपासूनची होती.

तिचं मूळ मला ठाऊक होतं. अरविंद देवस्थळी हे नाव एके काळी पुण्याच्या मैदानांवर चालण्याच्या शर्यतीत चांगलं ओळखीचं होतं. ही शर्यत लोकांना फारशी माहीत नसते. यात एक पाय कायम जमिनीला टेकलेला लागतो आणि पुढे टाकलेला पाय गुडघ्यात सरळ लागतो. दोन्ही पाय एकदम सुटले की ते पळणं झालं, आणि पंच बाद करून मोकळे होतात. हे सगळं पाळून जोरात चालायचं तर कमरेला झोके द्यावेच लागतात. लग्नानंतर पहिल्यांदा यांना तसं चालताना बघितलं तेव्हा मी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. तर एका मोठ्या स्पर्धेत हे सगळ्यांच्या पुढे असताना, शेवटच्या वळणावर एका पंचानं लाल निशाण दाखवून यांना बाहेर काढलं. पाय सुटला नव्हता, असं हे आजही शपथेवर सांगतात. त्या दिवसापासून यांनी माणसांच्या तोंडाकडे बघणं सोडलं आणि पायांकडे बघायला सुरुवात केली. "तोंड काहीही बोलेल. पाय खोटं बोलत नाहीत," हे यांचं ब्रह्मवाक्य.

शहाऐंशी साली आम्ही नेरूळला राहायला आलो. सिडकोनं रस्ते आधी बांधले होते आणि माणसं मागाहून यायची होती. लांबच्या लांब, रुंद, रिकामे रस्ते. मी ते बघून रडकुंडीला आले, कारण कोथिंबिरीची जुडी आणायची तरी अर्धा तास पायपीट. हे मात्र एखाद्याला गावची जहागीर मिळावी तसे खूश झाले. कंपनीत जायच्या आधी, सकाळी, आसपासच्या मुलींना चालण्याच्या शर्यतीसाठी तयार करायचं यांनी ठरवलं. त्या वर्षी आमच्या भागात मुलींची पाच किलोमीटरची निवडचाचणी प्रथमच होणार होती. कॉलनीतल्या तीन मुली आल्या आणि चौथी आली शिरवणे गावातली पुतळा.

पुतळा आमच्या गोजराची मुलगी. गोजरा पाटीत भाजी आणि वालाच्या शेंगा घेऊन कॉलनीत फिरायची. मुलगी उंच, काळीसावळी आणि अबोल होती. पहिल्याच दिवशी तिला चालताना बघून हे घरी आले ते चहा न घेता मला म्हणाले, "जयमाला, ही पोरगी जन्मतःच तशी चालते. हिला फक्त घड्याळ दाखवायचं काम आहे." यांच्या तोंडून कुणाचं इतकं कौतुक मी आजवर ऐकलं नव्हतं. माझं तर कधीच नाही.

पुतळाच्या डोक्यावर एक टांगती तलवार होती. गोजराच्या भावांनी तिच्यासाठी उरणकडे द्रोणागिरीच्या पायथ्याचं एक स्थळ बघून ठेवलं होतं. निवड झाली आणि पोरगी राज्याच्या स्पर्धेला गेली तर वर्षभर लग्नाचं नाव काढायचं नाही, असा शब्द गोजरानं भावांकडून घेतला होता. नाही झाली, तर माघातच बार उडवायचा. तेव्हा बाकीच्या तिघींसाठी ती चाचणी म्हणजे हौस होती, आणि पुतळासाठी तिचं अख्खं वर्ष होतं.

यांनी रस्ता आखून दिला होता. शाळेच्या मैदानावरून निघायचं, रिकाम्या सेक्टरांतून पाण्याच्या टाकीवरून जायचं, पुढे शिरवण्याच्या अंगाला कारखान्याची लांबलचक भिंत आहे ती संपेपर्यंत चालायचं, आणि वळसा घालून परत. कॉलनीतल्या तिघी अजून कच्च्या, त्या टाकीपाशीच वळायच्या. भिंतीपर्यंत एकटी पुतळा जायची. हे मैदानात घड्याळ धरून उभे.

दिवाळीनंतर पुतळाची वेळ एकदम सुधारली. दुसरा कुणी कोच असता तर त्यानं पेढे वाटले असते. आमच्या घरात सुतक आल्यासारखं झालं.

"माणूस असा एका आठवड्यात सुधारत नाही," हे जेवताना म्हणाले.

"अहो, पण तुम्हीच म्हणाला होता ना, पोरगी जन्मतःच..."

"म्हणून काय पंख फुटले तिला? वाटेत कुणाच्या तरी सायकलवर बसत असेल. नाहीतर मधून शेतातून येत असेल. नाहीतर तो दिलीप साटम तिला चोरून शिकवत असेल."

दिलीप साटम म्हणजे वाशीचा कोच. त्याचा आणि शिरवण्याचा काडीचा संबंध नव्हता. पण यांच्या संशयाच्या यादीत तो कायम वरच्या बाजूला असे.

मग हे पहाटे नेहमीपेक्षा लवकर घराबाहेर पडायला लागले. मुलींना घड्याळ कॉलनीतली वैशाली लावील म्हणाले. ती त्यांच्यातली थोरली. स्वतः कुठे जाता विचारलं, तर पायात बूट घालून बाहेर. आता संशय हा असा आजार आहे की एकाच्या घरात शिरला की दुसऱ्यालाही लागतो. यांनी कंपनीतल्या कुणाकडून तरी दुर्बीण आणून कपाटात मोज्यांखाली लपवली होती. ती मला सापडली, आणि मी ती होती तशीच परत मोज्यांखाली ठेवली. त्यात वैजयंतीबाई जिन्यात भेटल्या.

"जयमालाताई, सांगू नये, पण तुमचे मिस्टर सकाळी पाण्याच्या टाकीच्या शिडीवर असतात. हातात दुर्बीण. समोरच्या बिल्डिंगमधल्या लेडीज लोकांनी गॅलरीत कपडे वाळत घालायचं बंद केलंय. सोसायटीत उगाच टेन्शन हो!"

मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. दुसऱ्या दिवशी मी यांच्या मागोमाग गेले आणि टाकीखाली उभी राहिले. मनात काय काय येऊन गेलं ते इथं सांगत नाही. थोड्या वेळानं हे शिडीवरून उतरले. चेहरा पांढराफटक. मी तिथे कशी, हे विचारायचंही भान नव्हतं.

"पळतेय," हे म्हणाले. "भिंतीपाशी पोचली की पळतेय. जाताना पण आणि येताना पण. भिंत संपली की पुन्हा साळसूदासारखी चालते."

खरं सांगते, पहिल्यांदा मला हायसं वाटलं. गॅलऱ्यांकडे बघत नव्हते, एवढं पुरे झालं. मग पुतळाचा राग आला. इतकी गुणाची दिसणारी पोरगी, आणि ही असली लबाडी!

त्याच सकाळी यांनी मैदानात सगळ्यांसमोर तिला उभं केलं. "भिंतीपाशी पळतेस की नाही?" पुतळा खाली बघून म्हणाली, "हो सर." "का?" त्यावर ती गप्प. "आता चाचणीत तुझं नाव नसेल," हे म्हणाले, आणि पाठ फिरवली. ती रडलीबिडली नाही. चपला हातात घेऊन गेली, असं वैशालीनं मला सांगितलं.

त्यानंतर गोजरा आमच्या दारावरून हाक न मारताच जायला लागली. वरच्या मजल्यावर जायची, शेजारी जायची, आमचं दार वगळून. दोन दिवस मी बघितलं. तिसऱ्या दिवशी जिन्यातच पाटीला हात घातला.

"गोजरा, राग माझ्यावर का? लबाडी तुझ्या पोरीनं केली."

गोजरानं पाटी खाली ठेवली. "माजी पोर चोर नाय हाय, बाई. ती पलाली, आनि पलाली असं सांगितलंन पन. चोर सांगतो काय? मास्तरांनी का म्हनून इचारलंन, ता ती पुरुषमानसाला कशी सांगनार? तुमी इचारा. तुमी बाई हाव ना?"

एवढं बोलून ती पाटी स्वतःच डोक्यावर घेऊन वर निघून गेली. मला ते झोंबलं. म्हणजे खरंच, विचारायला मी तरी कुठे गेले होते?

मी शिरवण्याला गेले. पुतळा ओट्यावर वाल सोलत बसली होती. मी विचारलं, तर तिनं वर न बघता सांगितलं, "बाई, तुमीच एकदा त्या भिंतीच्या बाजूनं चालून बगा."

मी गेले. दिवाळीनंतर तिथे ट्रकचा अड्डा सुरू झाला होता, हे मला तेव्हाच कळलं. कळंबोलीला लोखंड पोचवायचे ट्रक भिंतीला लागून ओळीनं उभे होते. ड्रायव्हर-क्लीनर कुणी दात घासत होते, कुणी चहा पीत होते. मी जीव मुठीत धरून चालले. काहीही झालं नाही. उलट एकानं आपली बादली वाटेतून बाजूला घेतली आणि म्हणाला, "आइये बहनजी, संभाल के." मी भिंत संपेपर्यंत गेले आणि तशीच परत आले. माझी खात्री पटली की पोरगी मलाही बनवते आहे.

"कुणी शब्द बोललं नाही मला," मी पुतळाला म्हटलं. माझा आवाज चढला होता. "चांगली माणसं आहेत. तुझं काय ते खरं सांग."

आता तिनं वर बघितलं. "तशी नाय, बाई. शर्यतीत चालतात तशी चाला."

माझं वय तेव्हा चाळिशीला टेकलेलं. अंगावर पातळ, हातात पिशवी. पण हट्ट म्हणजे हट्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पदर खोचला आणि भिंतीच्या टोकापासून, ह्यांना करताना इतकी वर्षं बघितलं होतं तसं, गुडघा ताठ ठेवून चालायला लागले. चार पावलं गेले असेन. कुणीतरी पत्र्याच्या डब्यावर थाप मारली. पाऊल, थाप. पाऊल, थाप. मग दुसऱ्यानं पाना घेऊन ट्रकच्या फाळक्यावर तोच ठेका धरला. मी जोरात चालले, तर ठेका जोरात झाला. हळू झाले, तर हळू. काल बादली बाजूला घेणारा तोच माणूस आज हॉर्न त्याच तालात वाजवत होता. माझ्या मागून एक क्लीनर कमरेवर हात ठेवून माझी नक्कल करत येत होता. ते लोक काय ओरडत होते ते मी लिहिणार नाही. तमाशाच्या कनातीत ओरडतात तसलं. मला एवढंच कळत होतं की माझ्या कमरेची दोरी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात गेली आहे. मी पिशवी छातीशी धरली आणि पळत सुटले. मी पळाले त्या क्षणी ठेका मोडला, कारण पळणाऱ्या पायांना तो धरता येत नाही. तेव्हा पुतळाचं सगळं माझ्या लक्षात आलं. ती वेळ वाचवायला पळत नव्हती. तो ठेका मोडायला पळत होती.

मी घरी आले आणि न्हाणीघरात जाऊन रडले. मग राग आला, आणि तो त्या ट्रकवाल्यांपेक्षा ह्यांच्यावर जास्त आला.

"तुमच्या दुर्बिणीत ट्रक दिसले नाहीत?" मी विचारलं.

"दिसले की. ट्रकांचं काय?"

"आणि ऐकू काय आलं?"

"टाकीवर वारा किती असतो. ऐकू काय येणार?"

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. मी म्हटलं, "उद्या रविवार आहे. उद्या तुम्ही त्या भिंतीवरून चालायचं. शर्यतीत चालता तसं."

यांनी माझ्याकडे संशयानं बघितलं. "तुला तिनं काय पढवलंय? मी त्या साटमपेक्षा चांगला चालतो अजून, हे तुला माहीत आहे."

"माहीत आहे. म्हणून तर म्हणते, चाला."

"यात काहीतरी डाव आहे," हे म्हणाले. रात्री झोपेपर्यंत तेच तीनदा म्हणाले. पण चालायचं आव्हान कुणी दिलं आणि यांनी नाकारलं, असं कधी झालेलं नाही.

सकाळी यांनी अर्धी चड्डी, बनियन आणि कॅनव्हासचे बूट घातले. मी रस्त्याच्या पलीकडे बसस्टॉपवर उभी राहिले. हे निघाले, आणि कबूल करायला हवं, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं देखणं चालत होते. मान ताठ, नजर समोर, पाऊल कसं रेशमासारखं जमिनीवर उतरायचं. बेचाळिसाव्या वर्षी! त्या पंचानं खरंच चूक केली असणार, असं मला प्रथमच मनापासून वाटलं.

पहिल्या ट्रकपाशी डब्यावर थाप पडली. हे मान न वळवता चालत राहिले. दुसऱ्या ट्रकपाशी पाना वाजला. "अरे, मौसी आयी! मौसी, बाजार चली क्या?" कुणीतरी ओरडलं आणि सगळा अड्डा हसला. तो क्लीनर मागे लागला, हॉर्न सुरू झाला. हे वेग वाढवत होते, ठेका वाढत होता. यांनी पाऊल बदलून तो चुकवायचा प्रयत्न केला, तर ठेकाही बदलला. एकानं पुढे येऊन ओढणीसारखा पंचा यांच्या डोक्यावर टाकला. यांनी तो फेकून दिला, आणि मग मला स्पष्ट दिसलं, माझ्यासारख्या अडाणी पंचालाही दिसलं: यांचे दोन्ही पाय जमिनीवरून सुटले.

भिंत संपली तरी हे थांबले नाहीत. वळणावरून दिसेनासे झाले. मला वाटलं होतं मी हसेन, जिरली म्हणेन. तसं काही झालं नाही. या माणसाला मी जाणूनबुजून तिथे पाठवलं, म्हणून मला फार वाईट वाटलं.

घरी आले तर हे बूट न काढता खुर्चीत बसले होते. पाणी दिलं, ते घेतलं नाही. वैजयंतीबाई दुपारी गूळपोळ्या घेऊन आल्या, तर हे चक्क उठून "या" म्हणाले, आणि त्या बिचाऱ्या घाबरून ताटली ठेवून परत गेल्या. संध्याकाळी यांनी शर्ट घातला आणि मला म्हणाले, "शिरवण्याला गोजराचं घर दाखव."

गोजरा ओट्यावर होती. यांना बघून ती उभी राहिली, पण बसा म्हणाली नाही. पुतळा दारात आली आणि चौकटीला धरून उभी राहिली. बाजूच्या घरातून दोन-तीन बायका बघत होत्या. "आता काय आलेव, मास्तर?" गोजरा म्हणाली. "पोरीच्या मामांना निरोप धाडलाय मी. ते येतील उद्या लग्नाचं बोलायला."

"त्यांना चाचणी होईपर्यंत थांबायला सांगा," हे म्हणाले. "हिचं नाव मी परत घातलंय."

"का? आता ती चोर नाय?"

मला वाटलं हे चिडतील. यांनी पुतळाच्या पायांकडे बघितलं नाही. सरळ तिच्या तोंडाकडे बघितलं.

"पुतळा, तू भिंतीपुरती पळालीस," हे म्हणाले. "मी घरापर्यंत पळत गेलो."

गोजरानं पदरानं ओटा झटकला आणि यांना बसायला जागा केली. हे बसले नाहीत.

"उद्या सकाळी ये. नेहमीचाच रस्ता," हे म्हणाले.

पुतळानं चौकट सोडली नव्हती. "भिंतीवरनं?"

"भिंतीवरनंच. चाचणी गर्दीच्या रस्त्यावर आहे, तिथं लोक असणारच."

"मंग घड्याल कोन लावनार, सर?"

"घड्याळ बाई लावतील," हे म्हणाले. "मी तुझ्याबरोबर चालणार आहे."